मावशीची कवळी आणि काठीचा ल

लॉरिंडा मेनीगोट्स ही माझी सख्खी मावशी. चिनली गावच्या रेडिओवर रोज दुपारी ती आम्हा नवाहो आदिवासींच्या भाषेत मयतीच्या बातम्या वाचते: कोण गेलं, कोणत्या कुळातलं, माती कुठे. मी समोर बसून बटणं दाबते आणि तिची बोलणी खाते.

या हिवाळ्यात तिचे वरचे सगळे दात काढले आणि कवळी बसली. दिसायला झकास! पण आमच्यात एक ल असा आहे की लिहिताना त्याच्या पोटातून आडवी काठी जाते. म्हणताना जीभ टाळूला टेकवायची, घसा गप्प ठेवायचा आणि जिभेच्या कडेने नुसता वारा सोडायचा. कवळी नेमका तो वारा अडवायला लागली. आमच्या कुळाचं नाव त्लिझीलानी, म्हणजे पुष्कळ शेळ्यावाले. त्यात हा ल दोनदा येतो, आणि दोन्हीकडे मावशी नुसती फुसफुसायची. आमच्यात कूळ ऐकून कुळातली माणसं मातीला येतात; पण एका बाईचं कूळ कोणाला कळलंच नाही. तिच्या मातीला घरचीच माणसं होती.

आमचा मॅनेजर डर्विन म्हणाला, "मावशी, नाव कळतंय ना? कुळाचं एवढं काय? नाही जमत तर सोमवारपासून त्या वेळेला गाणी लावतो."

"असा बोलतोयस, जसं तुला कोणी नातेवाईकच नाहीत!" मावशी कडाडली. आमच्यात याहून वाईट शिवी नाही. डर्विनचे कान लाल झाले, पण गाण्यांचा हट्ट काही त्याने सोडला नाही.

मग दातांचा डॉक्टर. माणूस भला. शब्द नीट उमटतात का पाहायला 'सहासष्ट' म्हणायला लावलं त्याने, इंग्रजीत. मावशीने म्हटलं.

"उत्तम!"

"उत्तम कसलं डोंबलाचं? मला काय मेंढ्या मोजायच्यात? आतून घासून दे."

"पातळ केली तर तुटेल हो. नवी लवकर मिळणार नाही."

"तुटू दे. मटणाचा रस्सा पिऊन राहीन."

त्याने काही हात लावला नाही. मावशी तडक माझ्या भावाकडे गेली. एमेट चांदीचे दागिने घडवतो. त्याची सगळ्यात बारीक कानस उचलून तिने स्वतःच कवळी घासायला घेतली. घासायची, धुवायची, तोंडात घालायची, कूळ म्हणायचं, परत घासायची.

"मावशी, माझं काम खोळंबलंय!"

"तुझी चांदी कुठे पळून जात नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत कुळाच्या नावातल्या शेळ्या सगळ्या धडपणे तोंडाबाहेर आल्या. मला रडू फुटलं. तिला नाही.

सोमवारी तिने कूळ म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे डर्विनने कागद दिला, नेहमीसारखा बोडका. मावशीने पेनने एकेका ल ला काठी घातली, स्वरांवर आवाज चढवायच्या रेघा मारल्या. त्या विसरल्या तर आमच्या भाषेत 'तोंड' या शब्दाचा अर्थ 'औषध' होतो. पिन्यॉनकडचा एक एकटा मेंढपाळ गेला होता. त्याचं कागदावरचं नाव कोणाच्या ओळखीचं नव्हतं. मावशीने त्याचं कूळ वाचलं, सावकाश, पुन्हा एकदा: त्लिझीलानी.

बातम्यांनंतरचं गाणं लागायच्या आत फोन वाजला. कायेन्टाहून कोणी म्हातारबाबा.

"त्लिझीलानी म्हणाल्या ना बाई? मग तो माझा भाऊ."

"ओळखत होतात?" मी विचारलं.

"कधी पाहिला नाही. खड्डा खणायला माणसं आहेत का?"

मावशीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"नाहीत, दादा," ती म्हणाली. "फावडं घेऊन या. मीही निघाले."