मामांच्या बोटांना न कळलेली बर

“हत्यार जिथून बाहेर पडतं, तिथं बोट जपून लाव,” मामा मला म्हणाले होते. मी तेव्हा आठवीत होते आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडमध्ये नुकतंच भोक पाडलेला लोखंडी तुकडा उचलायला धावले होते. गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला. “साखरेनं ह्यांची बोटं बधीर झालीत. डाळमिलवाल्यानं एक लॉट परत केलाय, पहिल्यांदाच. तू येऊन जा माय.”

नांदेडहून सकाळचीच एसटी धरावी. उजवीकडची खिडकी मिळाली तर ऊन लागत नाही, आणि बायकांना तिकीट अर्धंच. लोहा गाव मागे पडलं की दोन्हीकडे तूर दिसू लागते. अहमदपूरला बस थांबली तेव्हा स्टँडबाहेरच्या गाड्यावर सुशीला खाल्ली. ओलसर मुरमुरे, वर दाण्याचं कूट. पुढचा रस्ता मी पेंगतच काढला. लातूरला उतरून रिक्षा केली.

शेडमध्ये जायचं असेल तर ओढणी आणि बांगड्या बाहेरच ठेवा. हातमोजेही नकोत. फिरत्या लेथवर मोजा अडकला तर हात ओढला जातो. त्यामुळे मामांची बोटं आयुष्यभर उघडीच राहिली.

डाळमिलच्या यंत्रासाठी ते बुश बनवतात, मुठीत मावेल एवढी लोखंडी नळकांडी. “कापलेल्या कडेला ही धारदार बर येते कशी?” मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण त्यांना सांगायला आवडतं.

“हत्यार मधात असतंय तवर पुढच्या मालाचा टेकू असतोय. शेवटाला टेकू सरला की उरलेला पापुद्रा कापायचा सोडून वाकतो आन् कडेला चिकटून राहतो. बोथट हत्यार असलं की लईच. बिडाचा, ओतीव लोखंडाचा, तर तुकडाच पडतो. मऊ लोखंड मात्र लाडावल्यावानी ताणत बसतंय.”

केसाएवढी ती कड. पण तेवढ्यानं बुश नीट बसत नाही आणि हातही कापतो. मामा कानशीनं बर काढतात, मग कडेवरून बोट फिरवतात. ज्यानं कापलं त्यानंच शेवटचा हात फिरवायचा, हा त्यांचा नेम. त्याशिवाय शेडमधून काहीच बाहेर जात नाही.

त्यांनी एका बुशवर बोट फिरवून तो तयार मालात ठेवला. मामी चहा घेऊन आली होती. तिनं तो सहज उचलला, अंगठा फिरवला आणि थांबली.

“हितं हाय की.”

“कुठं?”

“हे काय. डाळीतला खडा कळतो मला, हे तर केवढं मोठं.”

“डाळ निवडून राहिलीस का तू?”

“मग तुमी काय करून राहिलात? बोट बघा.”

मामांच्या तर्जनीतून रक्त येत होतं. त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग मामीकडे. बुश परत घेतला आणि कानस उचलली. “चहा निवून राहिलाय,” एवढंच म्हणाले.

जेवताना भाकरीवर दाण्याची चटणी वाढत मामी हळूच बोलली, “शेड बंद केली तर हे घरात माझ्या डब्यांची झाकणं घासत बसतील.” आम्ही दोघी हसलो. मामा हसले नाहीत. परतलेला लॉट पुन्हा तपासून पाठवायचा होता, आणि तो दुसऱ्यांदा परत आला तर डाळमिलचं काम तुटणार होतं.

संध्याकाळच्या बसनं नांदेडला परतले. त्याला चार दिवस झाले. पन्नास वर्षं ज्या बोटांवर माणसानं भरवसा ठेवला, ती बोटंच गप्प झाली तर त्यानं काय करावं, हे मला सुचत नाही. पण मामीचा तो थांबलेला अंगठा डोळ्यांपुढून जात नाही. मामा, मामी हे तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहिते. या लॉटवर शेवटचा हात मामीला फिरवू द्या. तुम्ही नाहीच म्हणणार. तरी मागते आहे.