रंजूला रडवायचं नाही

दवाखान्यात वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माझ्या मशीनची शाई शर्टाला लागायची, तसे ते लागतात आणि धुऊन जात नाहीत. नागपूरच्या एका दवाखान्यात मी ईईजीचं मशीन चालवायचो. डोक्याला तारा चिकटवायच्या आणि मेंदूच्या लाटा कागदावर उतरवून घ्यायच्या, एवढंच काम. ऐंशी सालानंतरच्या दीडेक वर्षातले माझे बहुतेक किस्से मात्र एकाच पोरीचे आहेत.

*

रंजू सात वर्षांची, पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. अधूनमधून तिचा उजवा हात लुळा पडायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा. शाळेतले गुरुजी म्हणायचे, लिहायचा कंटाळा. आजी म्हणायची, नजर लागली. छडी झाली, मिरच्यांची धुरीही झाली.

"दोन्हीनं हात जास्तच पडे," तिची आई सांगायची. "रडली का पडेच."

*

तपासणीत पोरांना जोरजोरात श्वास घ्यायला लावावं लागतं. तसं सांगितलं की पोरं नेमका श्वास रोखून धरतात. म्हणून मी कागदाची भिंगरी ठेवली होती. रंजूनं फुंकून फुंकून ती गरगर फिरवली. फुंकताना लाटा मोठ्या झाल्या, फुंकणं थांबलं तशा शांत झाल्या. आणि पोरगी नुसती बसलेली असताना त्या परत मोठ्या व्हायला लागल्या, एरवी असं होत नाही. मी कागदाकडेच बघत होतो.

मागून आई म्हणाली, "भाऊ, भिंगरी पडली तिच्या हातातली."

ती घाबरलेली नव्हती. गरम चहा फुंकतानाही असंच होतं, म्हणाली. मोठे डॉक्टर धावत आले. हे आधी का नाही सांगितलं, त्यांनी विचारलं.

"तुमी चायचं इचारलंच नाही, सायेब."

*

मग मानेतून औषध सोडून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून समजावलं. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्या आहेत. शरीर बिचारं बाजूनं केसासारख्या बारीक वाटा काढतं. फोटोत त्या धुरासारख्या दिसतात, म्हणून जपानी डॉक्टरांनी नाव ठेवलं मोयामोया. रडण्यानं, फुंकण्यानं श्वास वाढला की मेंदूचं रक्त आणखी कमी होतं.

बाप बराच वेळ फोटोकडे बघत होता. म्हणाला, "पाट बुजला का पानी असंच बांधातून झिरपते. पन तेवढ्यानं वावर भिजत नाही."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच.

"मंग आता एकच पाट बुजला ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. लहान पोरांत हे एका बाजूवर थांबत नाही, म्हणाले. आज उजवा हात, उद्या डावा. आणि एखाद दिवशी पडलेला हात परत उठतच नाही, बोलणंही जातं. मुंबईत यावर ऑपरेशन होतं. पण तिथला नंबर दोन महिन्यांनी होता. तोवर पोरगी सांभाळायची, वॉर्डातच ठेवायची आणि रडू द्यायची नाही.

*

आमच्या सिस्टर केरळच्या. त्यांच्या नुसत्या आवाजानं पोरं रडायची. त्या दिवसापासून त्या कुजबुजत बोलू लागल्या. आठवडाभरानं एका पेशंटच्या आजीनं त्यांना खडीसाखर आणून दिली. म्हणाली, "घसा लयच बसला वं माय तुहा."

*

नत्थू आमचा वॉर्डबॉय. नाव बॉय, वय पन्नाशीचं, मिशा हवालदाराच्या. रंजूच्या ताटात वाफ दिसता कामा नये, हे त्यानं अंगावर घेतलं. नागपूरचा मे महिना. वीज गेलेली, छताचा पंखा बंद, माणसं घामानं निथळतायत आणि नत्थू बांबूच्या पंख्यानं खिचडीला वारा घालतोय.

पलीकडच्या खाटेवरच्या पोराचा बाप म्हणाला, "काहून गा, खिचडीले ताप आला काय?"

"तिले नाही आला. तिनं कोनाले आनू नये म्हनून घालून राहिलो," नत्थू म्हणाला.

*

आपण खालचा ओठ थरथरवला की सगळा वॉर्ड पळतो, हे रंजूच्या लवकरच ध्यानात आलं. ओठ थरथरला की संत्र्याची बर्फी. ओठ थरथरला की नत्थूचा घोडा. एकदा राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांसमोरही तो थरथरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्या शिकाऊ डॉक्टरांच्या देखत मांजरासारखं म्याऊ केलं. शिकाऊ डॉक्टर वहीत डोकं खुपसून उभे.

*

रडवायचं नाही म्हणजे हसवायचं, असा आम्ही सगळ्यांनीच सरळ अर्थ लावला होता. एका सकाळी नत्थूनं इंजेक्शनचा ट्रे हातावर तोलत सिस्टरांची चाल करून दाखवली. रंजू हसली, हसतच सुटली. हसता हसता धाप लागली आणि हातातली वाटी सुटली.

या वेळी डावा हात.

हात थोड्या वेळानं परत आला. नत्थू मात्र जिन्याखाली जाऊन बसला. श्वास हसण्यानंही वाढतो, त्यात त्याची चूक नाही, हे डॉक्टरांनी स्वतः जाऊन सांगितलं.  त्यानंतर रंजू मुंबईला जाईपर्यंत तो तिला जेवण भरवायचा, पण तोंड दुसरीकडे करून. ओठ थरथरला तरी.

*

मुंबईत दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या कातडीतली रक्तवाहिनी मेंदूवर टेकवून ठेवतात, तिथून हळूहळू नव्या वाटा फुटतात. फुटल्या तर. ते कळायला महिने लागतात.

वर्षानं रंजू तपासणीला आली. केस वाढलेले, दोन रिबिनी. सिस्टर कुजबुजत जवळ गेल्या आणि रक्त काढायला सुई टोचली. रंजूनं असं भोकाड पसरलं की व्हरांड्यातली माणसं दारात जमली. आम्ही सगळे जागच्या जागी. नत्थू सवयीनं घोडा होऊन तिच्यासमोर वाकला.

आई म्हणाली, "राहू दे गा भाऊ. रडू दे तिले. घरी बी रडते आता, काही होत नाही."

नत्थूला ते ऐकूच गेलं नसावं. तो तसाच वाकलेला. रंजूनं रडता रडता हात उगारला आणि त्याच्या गालावर सणसणीत चपराक दिली. उजव्या हातानं.

 नत्थूनं गाल चोळला, दुसरा गाल पुढे केला आणि म्हणाला,

"आता डाव्यानं मार, माय."