वर्लिन प्रूएटची डावी बाजू

पडदा वर जातो. मागे निळसर डोंगरांची रांग, पुढे तांबड्या मातीची टेकडी आणि तिच्या कुशीत कापून काढलेला अर्ध्या मैलाचा लंबगोल डांबरी ट्रॅक. लाकडी बाकांवर तीनेक हजार माणसं, मांडीवर उकडलेल्या शेंगांच्या ओल्या पिशव्या आणि चोवीस गाड्यांचा असा गडगडाट, की बरगड्या हलाव्यात. उत्तर कॅरोलायनातलं टर्की नॉब, १९६९ सालची एक शनिवार दुपार. ट्रॅकवर दिव्यांचे खांब अजून आले नव्हते, म्हणून सगळा खेळ उन्हातच व्हायचा.

वर मचाणावर ध्वनिक्षेपकापाशी मी. आमची तंबूतली नाटकं टीव्हीनं बंद पाडली, तेव्हा मला दुसरं काय येत होतं? आवाज चढवणं आणि लोकांना श्वास रोखायला लावणं, एवढंच. म्हणून ट्रॅकच्या मालकानं मला ठेवून घेतलं. आणि म्हणून वर्लिन प्रूएटला 'कुलूप' हे नाव पडलं, ते माझ्या तोंडून.

वर्लिन तेव्हा छत्तीसचा. लांब हाडांचा, कमी बोलणारा. आठवडाभर लाकूडगिरणीचे ट्रक दुरुस्त करायचा आणि शनिवारी सतरा नंबरची तांबूस गाडी चालवायचा. आमच्याकडे सगळी वळणं डावीकडची. ट्रॅकच्या आतल्या, म्हणजे डाव्या कडेची वाट सगळ्यांत जवळची. ती वाट वर्लिन कुणालाही द्यायचा नाही. बाकीचे वळणावर मोकळे सुटायचे, बाहेर जायचे, परत आत यायचे. हा आपला कडेला चिकटून. मी ओरडायचो, "दार बंद! वर्लिननं कुलूप लावलं!" आणि बाकं दणाणायची. दुसऱ्या वर्षी कुणीतरी त्याच्या गाडीच्या दारावर पिवळं कुलूपच रंगवून दिलं.

त्या कुलपामागे काय होतं, ते मला त्याची बायको इमोजीन हिनं फार उशिरा सांगितलं.

१९६९ च्या आधीच्या हिवाळ्यात ट्रकच्या आसाची खीळ हातोड्यानं ठोकून काढताना पोलादाची कपची उडाली आणि वर्लिनच्या डाव्या डोळ्यात गेली. गिरणीत तो म्हणाला, धूळ गेली. महिनाभरात तो डोळा विझला. दिसायला मात्र अगदी शाबूत. पण दर वसंतात शर्यतीच्या परवान्यासाठी डॉक्टरकडे नजर तपासून घ्यावी लागे. इमोजीन डोकेदुखीचं निमित्त करून दवाखान्यात गेली आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता चर्चच्या पत्रकामागे उतरवून आली. मग स्वयंपाकघरात, मक्याची भाकरी भट्टीत असताना, पाठांतर चालायचं.

"चौथी ओळ."

"एल, पी, ई, डी."

"इतकं भराभर नको. डोळ्यांनी वाचणारा माणूस जरा अडखळतो."

"अगं, मी काय नाटकातला आहे?"

"आता आहेस."

तीन वर्षं तो त्या परीक्षेत पास झाला. आणि ट्रॅकवर? डावीकडचं दिसत नाही, तर डावीकडे कुणाला येऊच द्यायचं नाही. कडेच्या गवतातून कोण येणार? ज्याला आम्ही हिंमत म्हणत होतो, ती एका आंधळ्या बाजूची राखण होती.

आता हॉयट शिफलेट. वर्लिनच्याच गल्लीत वाढलेला, त्याच चर्चच्या त्याच बाकावर बसणारा, त्याच्याबरोबर मासे धरणारा आणि चार नंबरच्या गाडीत त्याचा कट्टर वैरी. जेवढा वर्लिन मुका, तेवढा हॉयट तोंडाळ.

ऑक्टोबर १९७१. ऐंशीव्या फेरीला वर्लिनची टायरं घासून गुळगुळीत झाली होती. तिसऱ्या वळणावर त्याची गाडी एक हात, दोन हात, चांगली गाडीभर बाहेर सरकली. कुलूप पहिल्यांदाच उघडलं, आणि हॉयटनं तिथे नाक घातलं. दोघं बरोबरीनं वळणातून निघाले. वर्लिन नेहमीप्रमाणे खाली, आतल्या कडेकडे आला. जणू तिथे कुणी नव्हतंच. हॉयटची गाडी उडाली ती गवतापलीकडच्या आतल्या भिंतीच्या उघड्या टोकावर जाऊन आदळली.

आणि मी वरून गरजलो, "कुलूप लागलं!" लोकांनी टोप्या उडवल्या. आयुष्यात पुष्कळ चुकीच्या जागी टाळ्या घेतल्या मी, पण तेवढी एक टाळी अजून कानातून जात नाही.

हॉयटचा डावा गुडघा चुरला. सहा महिने अंथरूण. वर्लिन रोज इस्पितळाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायचा, आत जायचा नाही. गावात त्याची पाठ थोपटली जायची. आमच्याकडे रीतच तशी. कुणी गाडी घातली तर तक्रार करायची नाही, पोलिसात जायचं नाही, ट्रॅकवर फेडायचं. हॉयटनं एवढाच निरोप धाडला, "एप्रिलात भेटू." त्या भेटीची तिकिटं फेब्रुवारीतच संपली.

शर्यतीच्या आठवड्यात इमोजीन म्हणाली, "तो डावीकडून येणार. तुला कळणारसुद्धा नाही."

"मारू दे. त्याचा हक्क आहे."

"आणि पुन्हा तुझ्याच हातून धडक बसली आणि या वेळी तो मेला तर?"

वर्लिन उठून बाहेर गेला. त्याचं ताट तसंच राहिलं.

शनिवार उजाडला. शर्यतीआधी सगळे चालक मालकाच्या ट्रकभोवती टोप्या काढून उभे राहत, पाद्री प्रार्थना म्हणत. त्या दिवशी "आमेन" झालं आणि मालकानं सवयीनं विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" कधीच कुणी बोलत नसे. वर्लिन पुढे आला. त्यानं शिरस्त्राण ट्रकच्या फळीवर ठेवलं.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. ऑक्टोबरात हॉयट आत होता, हे मला धडक बसल्यावर कळलं. मी कुणाला कुलूप लावलं नाही. मी गाडी चालवायला नको होती."

मागून एक जण हसला, "भ्याला रे! हॉयटला भ्याला!"

तेवढ्यात हॉयट, पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेला, कुबडी न वाजवता वर्लिनच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. हातभर अंतरावर. त्यानं तीन बोटं वर धरली, अगदी वर्लिनच्या गालापाशी. आम्ही सगळे बघत होतो. वर्लिन सरळ समोर बघत मालकाला विचारत होता, "हॉयट कुठे आहे? त्याच्या तोंडावर सांगायचंय मला."

 

हॉयटनं हात खाली घेतला. "इथे आहे मी, गाढवा."

वर्लिन दचकून वळला.

"मुद्दाम मारलं असतंस, तर आज तुला भिंतीत घालून मोकळा झालो असतो," हॉयट म्हणाला. "संध्याकाळी दोघांनी मिळून जेवलो असतो. आता मी काय करू? सांग ना! सहा महिने मी हीच दुपार डोळ्यापुढे धरून पडलो होतो, लेका."

"माहीत नाही," वर्लिन म्हणाला.

त्या दिवशी हॉयट शेवटून दुसरा आला. गुडघा वाकत नव्हता आणि मन तर गाडीत नव्हतंच. दारावरचं पिवळं कुलूप वर्लिननं स्वतः खरवडून काढलं.

जूनमध्ये एका सकाळी तो हॉयटच्या गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिला. हॉयट गाडीखालून म्हणाला, "पाने त्या खणात आहेत. तोंड उघडायचं नाही."

"बरं."

"हे बरंसुद्धा नको."

असा वर्लिन प्रूएट क्रू चीफ झाला. गाडी कशी बसवायची, टायर कधी बदलायचं, चालकाला दुरुस्तीसाठी कधी आत बोलवायचं, सगळं त्याच्या हाती. गरम टायरवर तो उघडा तळवा फिरवायचा आणि कुठल्या कोपऱ्यावर वजन जास्त पडतंय ते सांगायचा. तळव्याची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली होती. हॉयटचा पाय अर्धाच चालायचा, म्हणून वर्लिननं क्लचचा पेडल तीनदा वाकवून नव्यानं बसवला. चार वर्षांत चार नंबरची गाडी पुन्हा जिंकायला लागली.

पुढे रेडिओ आले. वर्लिन ट्रकच्या टपावर उभा राहून, मान डावीकडे पुरती वळवून, हॉयटच्या कानात बोलायचा. आतल्या अंगाला गाडी असली की "आत", नसली की "मोकळं". लोक हसायचे. लंगड्याच्या काठीला आंधळा, म्हणायचे. हॉयट उत्तर द्यायचा, "दोन डोळ्यांवाले बघून झालेत माझे. हा निदान विचार करून बोलतो."

१९८३ सालची शरदातली मोठी शर्यत. शेवटची फेरी, हॉयट पहिला, वयाची पन्नाशी जवळ आलेली. ही शर्यत जिंकला असता तर विजयाची माळ घालूनच निवृत्त झाला असता. तिसऱ्या वळणावर सूर्य डोळ्यांवर आला. वर्लिन म्हणाला, "आत." हॉयटनं आतली वाट सोडली, बाहेर सरकला, वेग मोडला. मागची, दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्या मोकळ्या वाटेनं निघून गेली. वर्लिन बोलला तेव्हा आत कुणीच नव्हतं. नव्या दिव्याच्या खांबाची सावली होती.

गाडी थांबली. मी मचाणावरून खाली धावलो, म्हटलं आता मारामारी. हॉयट खिडकीतून एकेक पाय काढत बाहेर आला.

"आत कोणी नव्हतं, वर्लिन."

"मला खात्री नव्हती."

"खात्री नव्हती तर गप्प बसायचंस!"

"एकदा बसलो होतो," वर्लिन म्हणाला.

हॉयटनं थंड पाण्याची बाटली उघडली, अर्धी स्वतः प्याला आणि अर्धी त्याला दिली. ती त्याची शेवटची शर्यत. ती हरल्याबद्दल त्याच्या तोंडून पुन्हा एक शब्द मी ऐकला नाही, आणि तो तोंडाळ माणूस होता.

वर्लिन एकाहत्तराव्या वर्षी गेला, घरीच, सकाळी. शेवटचे चार दिवस दुसरा डोळाही मिटलेला असायचा. पलंग भिंतीपासून ओढून हॉयट मुद्दाम त्याच्या डाव्या अंगाला खुर्ची टाकून बसायचा. मी पायथ्याशी. त्या सकाळी हॉयट नुसताच बसला होता, कुबडीवर हनुवटी टेकून, इतका शांत की श्वासही ऐकू येऊ नये. इमोजीन ओठ ओले करायला वाकली, तेव्हा वर्लिननं मान हळूच डावीकडे वळवली. डोळे न उघडता तो म्हणाला, "माहीत आहे मला, हॉयट. तू आत आहेस."