दिवा कोणी विझवला

अडकलेल्या माणसाला आधी बोलतं करायचं आणि मगच बाहेर काढायचं, हा लिफ्टच्या कामातला पहिला नियम. आमची लिफ्टवाली त्यात तरबेज. कमरेला पान्यांचा पट्टा, केस घट्ट बांधलेले आणि खांद्यावरच्या पिशवीत हत्यारांच्या जोडीला एक जाडजूड कादंबरी. कादंबरी म्हणजे नेहमी तीच: मिठाच्या डोंगराची गोष्ट, पाच भाग. राक्षस, भुयारं, बोलणारे कावळे, सगळा मालमसाला. दरवर्षी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत वाचून काढल्याशिवाय बाईला चैन पडत नसे.

"अगं, दरवर्षी शेवट बदलतो का?" तिचा थोरला भाऊ विचारायचा. त्याचं चष्म्याचं दुकान. "चाळिशी लागली, चष्माही मीच फुकट दिला, आणि ही त्यातून राक्षस वाचतेय! कधी मोठी होणार तू?"

ती हसण्यावारी न्यायची, पण लागायचं. आईच्या माघारी हक्काने बोलणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि तेच तिच्या लाडक्या गोष्टीला नावं ठेवायचं.

यंदा तर चौथा भागच गायब झाला. तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी संशय गेला कामावरच्या जोडीदारावर. उंच, काटकुळा आणि मानेत जरा वाकलेला, म्हणून त्याला सगळे 'पाना' म्हणत. त्याने आईची शपथ घेतली, तरी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

त्या दुपारी दोघांना एका जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती आणि आत एक माणूस होता. पाना गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. वीज बंद करायची, ब्रेक सैल करायचा आणि चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याशी आणायची, हे त्याचं काम. ती चौथ्या मजल्यावर थांबली आणि दाराच्या अरुंद काचेतून बॅटरी मारून खाली बघू लागली.

"घाबरू नका, आम्ही आलोय. आत कोण आहे?"

"काढा मला बाहेर! श्वास घेता येत नाहीये मला!"

आवाज दादाचा होता. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. जिने चढायला मनाई, म्हणून कोणा गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला तो लिफ्टने निघाला होता.

त्याहून वाईट म्हणजे त्याने आतलं दार जोर लावून फाकवलं होतं आणि फटीतून हात बाहेर काढला होता. लिफ्ट बोटभर जरी सरकली, तरी हात भिंतीत चिरडणार.

"बाई, ब्रेक सोडू का?" फोनवर पानाने विचारलं.

"खबरदार! हात लावू नकोस!" ती किंचाळली. मग काचेला तोंड लावून म्हणाली, "दादा, मी आहे रे. आधी हात आत घे."

"नाही! ही फट मिटली तर मी मरेन!"

तिने समजावलं, रागावली, गयावया केली. काही उपयोग नाही. त्याने उलट कोपरापर्यंत हात बाहेर घातला. त्याच्या श्वासाची शिट्टी तिला वर ऐकू येत होती. आता काय करायचं? तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"दादा, डोंगराच्या भुयारात सगळे अडकतात ना, तेव्हा दिवटीवाला म्हातारा काय सांगतो माहितेय? तो म्हणतो, पाठ भिंतीला लावा, गुडघे जवळ घ्या आणि मी बोलतोय तोवर कोणी हलू नका. बाहेर जनावर फिरतंय, त्याला पावलं ऐकू येतात."

आतली धडपड जरा कमी झाली. ती बोलतच राहिली. थांबायची सोय नव्हती.

"मग ते जनावर अगदी जवळ येतं. पोरंसोरं तोंडावर हात दाबून बसतात. आणि मग वाऱ्याने दिवा विझतो..."

आत एकदम शांतता.

"दादा?"

"वाऱ्याने नाही."

"काय?"

"वाऱ्याने नाही विझत दिवा. म्हातारा स्वतः विझवतो. जनावर उजेडाकडे येत असतं म्हणून. नीट वाचत जा की गं!"

ती थक्क झाली. खरंच की! त्या पानावर दरवर्षी तिचे डोळे भरायचे आणि ती भराभरा पुढे पळायची. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"चोरा! चौथा भाग तुझ्याकडे आहे!"

"पिशवीत आहे," आतून रडवेला आवाज आला. "ऑपरेशननंतर झोप लागेना, म्हणून तुझ्या घरून गुपचूप पहिला भाग नेला, वाचून परत ठेवला. मग सुटेचना. तुला इतकं चिडवलेलं, सांगायची लाज वाटली."

"कुठवर आलास?"

"इथवरच. दिवा विझलाय. म्हातारा बाहेर येतो का गं?"

तिला उत्तर पाठ होतं. तिने ओठ घट्ट मिटले.

"हात आत घे. पाठ भिंतीला लाव. वर आलास की सांगते."

मग हात हळूहळू मागे गेला.

"बसलास?"

"बसलो."

"गुडघे जवळ?"

"घेतले गं बाई!"

"पाना, सोड!"

लिफ्ट कण्हत, अडखळत वर येऊ लागली. ती सारखी बोलत होती, काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. लिफ्ट मजल्याला लागली तसं तिने किल्लीने दार उघडलं. घामाने भिजलेला, पांढराफटक दादा पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात बसला होता. तिने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती त्याला मिठी मारून मोठ्याने रडली.

पाना धापा टाकत खाली आला. "पुस्तक सापडलं. चुकलं रे माझं," ती म्हणाली. तो मान हलवून दादाला दवाखान्यात न्यायला गाडी बघायला पळाला.

दादा तिच्याशेजारी पायरीवर बसला. दोन घोट पाणी प्याला.

"आता सांग. मरतो ना तो?"

"हो."

"आणि हे माहीत असूनही तू दरवर्षी वाचतेस?"

"पहिल्या भागात तो परत असतो ना, दादा."

दादाने पिशवीतून चौथा भाग काढला आणि खूण घातलेलं पान उघडून तिच्या हातात दिलं.

"गाडी येईपर्यंत वाचून दाखव," तो म्हणाला. "पण हळू. या पानावर घाई करायची नाही."