सुगतने निवडलेलं मशीन

सुगत वारल्यापासून त्याच्याबद्दल लिहा, असं चाळीच्या मंडळाने मला अनेकदा सांगितलं. दर वेळी मी डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघे, काहीतरी निमित्त पुढे केलं. खरं कारण वेगळं होतं.

मशीन विकत घेण्याआधी सुगत ते चालू करायला लावायचा आणि त्याच्या पाठीमागे तळहात धरायचा. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात गिऱ्हाइकांची रेटारेटी, आणि हा डोळे मिटून उभा. दुकानदार वैतागला, "काका, कम्प्युटर है, बच्चा नहीं."

"बच्चाच आहे. श्वास बघतोय."

लोअर परळची आमची चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की घराघरांतले फोटो आणि म्हाताऱ्यांचे आवाज वेबसाइटवर ठेवायचे. कुठल्या खोलीत कोण राहिलं, ते कुणालाही शोधता यावं. सर्व्हर भाड्याने घेऊ, असं मी म्हटलं. तो उसळला. "जन्मभर भाड्याने राहिलो रे दत्त्या. फोटोंना तरी मालकीची खोली दे!" मग मी एक नवाकोरा, चकचकीत सर्व्हर दाखवला. "हा काय लग्नाला न्यायचाय?" शेवटी एका ऑफिसने काढून टाकलेलं मशीन त्याने निवडलं, मेमरी वाढवली आणि दोन डिस्क बसवल्या. एक गेली तरी दुसरीत सगळं राहील. तिसरी प्रत दिवाळीनंतर करून बाहेर ठेवायची होती.

मंडळाच्या खोलीत ते मशीन न कुरकुरता चालत राहिलं. संध्याकाळी आम्ही दोघं समोर बसायचो. "हा बघ तू. तेव्हाही शेंबडा." मग तो त्याच्या आईची गाणी लावायचा. आई गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता. त्या संध्याकाळी मला अजून हव्या आहेत.

दसऱ्याला मी पूजेचं विचारलं. "तुझ्या स्कूटरची कर. याला हार नको, वारा पाहिजे." सुगत बौद्ध, त्याचं बोलणं मला धर्माचं वाटलं. ते मशीनचं होतं. तो घरी गेल्यावर मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे जाड हार मशीनभोवती गुंडाळले आणि खोलीला कुलूप लावलं. हवेची सगळी भोकं झाकली गेली.

साइट बंद पडल्याचं कळलं तेव्हा मीच आधी पोचलो. मशीन चटका बसेल इतकं तापलेलं, खोलीत जळका वास. मी हार पिशवीत भरले, कुंकू पुसलं आणि मग सुगतला फोन केला. पॉवर सप्लाय जळाला होता आणि जाताना दोन्ही डिस्क घेऊन गेला होता.

बैठकीत सगळे त्याच्यावर तुटून पडले. "भंगार आणलंत!" एक जण तर म्हणाला, "पूजा करू दिली असती, तर ही वेळ आली नसती." सुगतने माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे.

पुढे तो शीवला लेकीकडे राहायला गेला. आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा सगळं सांगायचं ठरवूनच मी गेलो. विषय त्यानेच काढला.

"माझंच चुकलं रे दत्त्या. स्वस्तातलं बघत बसलो. आईचा आवाज घालवला."

मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "पड आता. बोलू नकोस."

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

सुगत, तू निवडलेलं मशीन चांगलं होतं. तुझ्या आईचा आवाज मी घालवला.