डाव्या बाजूची किक

आमच्या ह्यांना स्कूटर चालली असती. पायाला चालली असती म्हणते मी, मनाला नाही. गिअर हातात, ब्रेक उजव्या पायाला, डाव्या पायानं नुसतं बसून राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या थोरल्या भावानं सांगितलं, मी तर कानीकपाळी ओरडून सांगितलं. ह्यांचं एकच, "गुडघे जुळवून स्कूटरवर बसायला मी काय बँकेत कारकून हाय? त्यापरीस घरात बसतो." आणि खरंच बसले. वर्ष होत आलं तरी बसलेलेच.

आधीची मोटरसायकल राधानगरीच्या रस्त्याला घसरली होती. उसाचे ट्रॅक्टर शेतातून वर येताना चाकाला चिखल घेऊन येतात आणि डांबरावर पसरून जातात, त्यावरून गाडी गेली. हाड एकही मोडलं नाही. पण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक शीर असते म्हणे, ती चेंगरली. तेव्हापासून डावं पाऊल खाली दाबता यायचं, वर उचलता यायचं नाही. चालताना चप्पल फरफटायची. आणि मोटरसायकलचा गिअर नेमका डाव्या पायाला. तो दाबायचाही असतो आणि पायाचा पंजा खाली घालून उचलायचाही असतो. संपला विषय.

हे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. राधानगरी, शाहूवाडी, कुठं कुठं जायचे. हत्यारांची पिशवी गाडीला अडकवली की माणूस वाऱ्यावर. आता लोक जळलेल्या मोटारी टेम्पोतून शिवाजी पेठेत आमच्या सोप्यात आणून टाकायचे आणि हे मांडी घालता येत नाही म्हणून स्टुलावर बसून तारा भरायचे. काम बंद पडलं नव्हतं हो, माणूस बंद पडला होता. रोज सकाळी दुधाच्या कट्ट्यावर जाऊन, म्हैस समोर पिळून घेऊन, फेसाचं दूध उभ्या उभ्या पिणारा हा माणूस. मला म्हणायला लागला, "दूध पचत न्हाय आता." पचायला काय झालं होतं? चालत गेलं तर फरफटणारी चप्पल दिसली असती, एवढंच.

मी बालवाडीत शिकवायचे आणि माझी मोपेड होती. एकदा मोठ्या हौसेनं ह्यांना मागं बसवून निघाले, तर तालमीपाशी कुणीतरी ओरडलं, "काय मिस्त्री, ड्रायव्हर ठेवला व्हय?" हसण्यावारी न्यायची गोष्ट. हे पुढच्या वळणावर उतरले आणि पाय ओढत घरी गेले. त्या ओरडणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी गाठून असा झाडला की त्यानं पुढं कधी माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. पण ह्यांचं मागं बसणं संपलं ते संपलंच.

मग बुलेट बघितली. त्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, म्हणजे आमच्या कामाची. दादानं कुणाची तरी मागून आणली. हे बसले, दोन फेऱ्या झक्क मारल्या, आणि थांबताना सवयीनं डावा पाय टेकला. पाय वळला आणि एवढं मोठं धूड अंगावर. आम्ही दोघांनी मिळून गाडी उचलली. ह्यांच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "आता गाड्या बघायच्या न्हाईत."

दादा माझा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर कामाला. गप्प बसणारा माणूस नव्हे. महिनाभरानं आला आणि चहा प्यायच्या आधीच म्हणाला, "दाजी, राधानगरीत एक इटलीची गाडी हाय. जुनी, साठ सालच्या आसपासची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आणि वजन बुलेटच्या निम्मं."

मी म्हटलं, झालं. जुनी, तीही परदेशातली, म्हणजे घरात दुसरा पेशंट. मी नको म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात हे तारांवरून नजर न काढता म्हणाले, "पार्ट काय तिकडनं आणायचं तिचं?"

"पार्ट उद्यमनगरात. नमुना द्या, दोन दिसांत तसाच्या तसा काढून देतो की."

"ब्रेक डाव्या पायाला म्हंजे नुसता दाबायचा."

"नुसता दाबायचा."

वर्षभरात ह्यांनी बाहेरच्या जगाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी तोंड मिटलं आणि रविवारी एसटीत बसायला तयार झाले.

गाडीचा मालक म्हातारा होता, एके काळी लाकडाचा ठेकेदार. मुंबईला कुणा गोऱ्या साहेबाकडून तरुणपणी घेतलेली गाडी. आम्ही त्याच्या अंगणात पोचलो तर गाडी चालूच. टुकटुक टुकटुक, एका लयीत. लाल टाकी उन्हानं विटकरी झालेली, पण अंगानं कशी सडसडीत, नको तिथं तोळाभर लोखंड नाही. म्हातारा म्हणाला, "या पावणं. म्हटलं गार गाडी काय दावायची, तापवून ठेवलीया." आम्हाला केवढं बरं वाटलं. किती समजूतदार माणूस, म्हटलं.

हे बसले. दोन्ही पाय जमिनीला पुरले. डावा पाय ब्रेकवर ठेवून दाबून बघितला, उजव्यानं गिअर टाकला आणि धरणाच्या रस्त्याला निघून गेले. आम्हाला वाटलं, वळणावरून परत येतील. येईनात. म्हातारीनं चहा आणून दिला, तो माझ्या हातात गार झाला. दादा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला. नाही नाही ते डोळ्यांपुढं यायला लागलं, आणि मनात म्हणत होते, एकदा धडपणी परत येऊ दे, मग गाडीचं नाव काढू देत नाही कुणाला.

आवाज आधी आला. मग हे आले. आणि काय सांगू, चेहरा असा की लग्नाच्या वेळी सुद्धा एवढा फुलला नव्हता. गाडीवरून न उतरताच म्हणाले, "घेऊया." घासाघीस करायची म्हणून रात्रभर मनात जुळवून आणलेली माझी सगळी वाक्यं मी विसरून गेले. निघताना म्हातारा टाकीवर हात ठेवून म्हणाला, "वाटंत बंद करू नका." जुन्या इंजिनाची काळजी, असं आम्ही समजलो. दादा मागं बसला, मी एसटीनं आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे लवकर उठले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, "कट्ट्यावर जाऊन येतो." मी चूल आवरता आवरता कान बाहेर लावून उभी. आवाज येईना. बाहेर जाऊन बघते तर हे गाडीच्या उजव्या अंगाला वाकून काहीतरी शोधताहेत. किक उजव्या बाजूला नव्हतीच. होती ती डाव्या बाजूला.

ह्यांच्या पायाचं दादानं म्हाताऱ्याला आधीच सांगितलं होतं. आता कळलं, गाडी कशाला तापवून ठेवली होती ते. आणि आम्ही तिघं शहाणे, गिअर बघितला, ब्रेक बघितला, वजन बघितलं, किक कुणीच बघितली नाही. चालू गाडीला किक कोण शोधतंय?

ह्यांनी डावा पाय हातानं धरून किकवर ठेवला आणि दाबला. पाय घसरला, किक उलटी येऊन नडगीवर बसली. मग गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून उजव्या पायानं मारायला गेले, पण तेवढा वेळ सगळा भार डाव्या पायावर. तोल गेला आणि भिंतीवर आदळले. मी धरायला धावले तर हात झिडकारला. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले, इस्त्रीच्या शर्टानिशी.

दादा ते ऐकून डोक्यात राख घालून घेऊन आला. "म्हाताऱ्यानं फसवलं. आजच्या आज परत नेऊन घालतो त्याच्या अंगणात." हे आतूनच म्हणाले, "न्हाय." दादा म्हणाला, मग किक उजवीकडं बसवून देतो, इंजिनाचं कव्हर कापावं लागंल. ह्यावरही, "न्हाय. कापायचं न्हाय तिला."

आधी गाडी नव्हती म्हणून माणूस घरात होता. आता गाडी सोप्यात उभी आणि माणूस तिच्याकडं पाठ करून मोटारी भरतोय. हे मला जास्त लागलं. रात्री मला झोप येईना. मला तो आधीचा, भांडणारा, उशिरा येणारा, गावोगावच्या गप्पा सांगून डोकं उठवणारा माणूस परत पाहिजे होता, बाकी काही नको होतं.

म्हणून मी दादाला म्हटलं, मला शिकव.

कामावर जायच्या आधी तो यायचा. कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबायचं. किक हळू हळू खाली न्यायची, जिथं जड लागेल तिथं थांबायचं, आणि मग सगळं अंग टाकून मारायची. डाव्या बाजूला उभं राहून, उजव्या पायानं. मी पदर खोचून, निऱ्या वर घेऊन मारायची आणि किक मला मारायची. पोटरी काळीनिळी झाली. बालवाडीतली पोरं विचारायची, बाई लंगडता का? हे आतल्या खोलीत, सगळं ऐकू येत असून बाहेर येत नव्हते.

एका सकाळी ती लागली. टुकटुक टुकटुक. मी इतकी दचकले की मागंच सरकले. हे बनियनवर बाहेर आले, दारात उभे राहिले. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "बंद करू नको हां," आणि शर्ट घालायला आत पळाले. पळाले म्हणजे त्या पायानं जेवढं पळता येईल तेवढं.

अर्ध्या तासानं परत आले ते मिशीला दुधाचा फेस तसाच. गाडी चालू ठेवून, वरच बसून ग्लास मागवला होता.

मग ते रोजचंच झालं. पण आधी मला सांगायचे, "दार लाव." बंद दाराआड, पेट्रोलच्या वासात, मी किक मारायची. मग दार उघडायचं, आणि हे स्वतःच चालू केल्यासारखे ऐटीत बाहेर पडायचे. बोळातल्या कुणाला कळता कामा नये. मी दार लावायची, पण वाईट वाटायचं, खरं सांगते. चोरी केल्यासारखं काय लपवायचं त्यात?

आणि जायचे ते कुठं, तर गाडी बंद करावी लागणार नाही तिथं. कट्टा, तारांचं दुकान, फार तर नदीचा घाट. खेड्यातली बोलावणी यायची, हे टाळायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, वाटेत बंद पडली तर कुणालाही सांगा की. पाय काय आमच्याच घरात आहेत का?"

"मी कुणाला किक मारा म्हणणार न्हाय. मेलो तरी न्हाय."

म्हणजे तेच. आधी उंबऱ्याच्या आत होते, आता चार गल्ल्यांच्या आत. किक मारून मी एवढंच मिळवलं होतं.

पुढं शाहूवाडीकडनं एक जुनं गिऱ्हाईक स्वतः आलं. नदीवरची मोटर बसली होती, भाताला पाणी नव्हतं, आणि ती उचलून आणण्यासारखी नव्हती. म्हातारा माणूस, ह्यांच्यासमोर नुसता बसून राहिला. ह्यांनी हातातली तार खाली ठेवली. मग मला म्हणाले, "उद्या लवकर मार." त्याच्या घरी किक मारायला पोरगा आहे, वाटेत कुणा परक्याला सांगावं लागणार नाही, एवढा हिशेब मनात झाला असणार.

गेले. दुपारी येतो म्हणाले होते. दुपार गेली. ऊन भिंतीवर चढलं, तरी नाहीत. मी बालवाडीतनं आले ती दारातच. शेजारीण म्हणाली, येतील की, एवढं काय. तिला काय माहीत, हा माणूस वाटेत अडकला तर अंधार पडेपर्यंत गाडीजवळ उभा राहील, पण तोंड उघडणार नाही. मी दादाला निरोप धाडायच्या बेतात होते.

दिवे लागायच्या आधी आले. गाडी सोप्यात घेतली, बंद केली, स्टुलावर बसले. मी पाणी आणलं, आणि उशीर कशानं झाला म्हणून विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"येताना चढाला बंद पडली. मागंपुढं कोण न्हाय. मग दोन गडी गेले पुढनं, एक सायकलवर, एक चालत. मी आपला वायर बघितल्यासारखं केलं. मग एक बाई आली, डोक्यावर वैरणीचा भारा. थांबली. म्हणाली, काय झालं पावणं? लई वेळ बोललो न्हाय. मग सांगितलं. पाय असा हाय, किक डावीकडं हाय, तेवढी मारा."

मी तांब्या हातात घेऊन उभी.

"तिनं भारा खाली टाकला. म्हणाली, बाईमाणसाला जमंल व्हय हे? म्हटलं, न जमाया काय झालं? आमच्या घरात रोज बायकोच मारती. एका किकला चालू करती."

खोटं होतं ते. एका किकला ती गाडी मला कधीच लागली नव्हती. चार-पाच लागायच्या, थंडीत तर विचारू नका. माझं एवढं कौतुक ह्यांनी घरात बसून कधी केलं नव्हतं, ते शाहूवाडीच्या चढावर, एका परक्या बाईजवळ केलं. मी तांब्या तसाच खाली ठेवला आणि ह्यांच्या देखत रडले.