स्टॉपरची जागा

आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीममध्ये मी बरीच वर्षं स्टॉपर आहे. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून समोरून येणाऱ्याला अडवणारा, आणि बॉल मिळाला की तो लांब भिरकावून देणारा. यातलं दुसरं काम मला फार आवडतं. माझी किक आख्ख्या चाकणात कुणाला जमत नाही, असं मी म्हणत नाही, फोर्कलिफ्टवाला म्हणतो. आमच्यात माणसाला नावापेक्षा कामानेच जास्त ओळखतात, म्हणून इथेही तसंच लिहितो. फोर्कलिफ्टवाला हा आमचा स्ट्रायकर. लातूरकडचा, ताडमाड उंच. मी इकडून बॉल हाणायचा आणि त्याने तिकडे डोकं लावायचं, एवढाच आमचा खेळ. कधी गोल व्हायचा, बऱ्याचदा व्हायचा नाही, पण कुणाची तक्रार नव्हती.

मग जुने मॅनेजर रिटायर झाले आणि टीम डिस्पॅचला बदलून आलेल्या एका सरांकडे गेली. सर कोल्हापूरचे, तिथे एका पेठेच्या टीमकडून तरुणपणी खेळलेले. फुटबॉलच्या बाबतीत कोल्हापूरचा माणूस आमच्याकडे पाहुणा म्हणून येत नाही, सासरा म्हणून येतो. चिखलीतल्या मैदानावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझी एक किक पाहिली. बॉल फोर्कलिफ्टवाल्याच्या डोक्यावरून पलीकडच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन आदळला.

"बॉलनं तुझं काय वाकडं केलंय मर्दा?" सर म्हणाले. "खाली ठेव की त्याला."

त्यांचा खेळ वेगळा होता. बॉल जमिनीवरून, छोटे पास, एका स्पर्शात पुढे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज. ज्याला बॉल हवा त्याने ओरडायचं, ज्याच्याकडे आहे त्याने डोकं वर न काढता आवाजाच्या दिशेने द्यायचा. "बघत बसलात तर खेळ मेला," ते सांगायचे. "कानानं खेळा." त्यांनी हेही साफ सांगून टाकलं की हा सीझन ते सगळ्यांना बघणार, आणि पुढच्या सीझनला त्यांच्या खेळात बसणारी माणसंच ठेवणार.

माझ्या वयाच्या माणसाला एकदा टीमबाहेर काढलं की परत कुणी आत घेत नाही. कंपनीत प्रेस मशीनवर माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला तरी पत्रा तसाच दाबला जातो, हे मला माहीत आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. पण मैदानावरची ती जागा माझी होती. रविवारी सकाळी संत तुकाराम नगरातून बूट पिशवीत टाकून निघालो की मी कुणीतरी असायचो. बायको म्हणायची, "आता गुडघे तरी वाचवा." गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस, असं मी म्हणायचो, आणि जिना उतरताना कठडा धरायचो.

सरांचा खेळ काही केल्या आम्हाला जमेना. ते लाइनीवरून घसा फोडून ओरडायचे आणि आम्ही मुक्यासारखे खेळायचो. बॉल आला की प्रत्येक जण थांबायचा, मान वर करायचा, आजूबाजूला बघायचा. तोवर समोरचा येऊन बॉल घेऊन जायचा. "अरे, आवाज द्या की! तोंड शिवलंय व्हय तुमचं?" दोन-चार दिवस आम्ही प्रामाणिकपणे ओरडून पाहिलं. वेल्डरने तर इतका जोर लावला की शेजारच्या वर्कशॉपमधले लोक काय झालं म्हणून बाहेर आले. हा वेल्डर चिखलीचाच, बापाचं गॅरेज आहे, मधल्या फळीत खेळतो. रमजानात रोजा सोडला की थेट मैदानावर यायचा, इतका वेडा. पण खेळ तापला की तोही आमच्यासारखाच गप्प व्हायचा.

चहाच्या टपरीवर मी माझं मत ठणकावून सांगायचो. "सर चांगले आहेत राव, पण त्यांनी टीम चुकीची निवडली. हा खेळ कोल्हापूरच्या पोरांचा. आपलं मैदान मुरमाचं, छोटा पास दिला तर खड्यावर उडून कुठे जाईल सांगता येत नाही. आपण उचलून मारणारी माणसं." सगळे माना डोलवायचे. मला तेव्हा खरंच वाटायचं की दोष असलाच तर निवडीचा आहे, ना त्यांचा ना आमचा.

सरांना मात्र दोष माझ्यात दिसत होता. बाकीचे निदान प्रयत्न तरी करतात, हा स्टॉपर मुद्दाम ऐकत नाही. उजवीकडे माणूस मोकळा आहे म्हणून ते ओरडताहेत, आणि मी बॉल डावीकडे देतोय किंवा आभाळात मारतोय. एका सामन्यात हे इतक्या वेळा झालं की त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि माझ्या जागी पेंट शॉपचा माणूस उतरवला. तो माझ्यापेक्षा तरुण, पायात जादू, पास नेमका. मी बेंचवर बसलो. फोर्कलिफ्टवाल्याने लांबून माझ्याकडे पाहून आपला तळवा पालथा केला. आमच्यात त्याचा अर्थ होतो, डाय बदलला. तो गंमत करत होता, पण मला ते लागलं.

हे जरा सांगायला हवं. आमची टीम जवळजवळ सगळी एका छपराखालची. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवतात, त्याच शेडच्या टोकाला वेल्डिंग आहे आणि मधून फोर्कलिफ्ट फिरतात. पत्र्याला आकार देणारा जो जड साचा प्रेसमध्ये बसवतात तो डाय. प्रेस खाली आली की पायाखालची जमीन थरथरते. कानात बोळे असतात, आणि नसले तरी शेजारच्याचं बोलणं कळत नाही. त्यामुळे आम्ही तिथे हाताने बोलतो. दोन्ही पंजे खांद्यापर्यंत वर उचलून दाखवले की त्याचा अर्थ, माझे हात बाहेर आहेत, मार आता. मगच प्रेस खाली येते. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला लांबूनच सांगतो. उघड्या तळव्यावर मूठ टेकवली की हाच डाय राहू दे, काम चालू ठेव. तळवा पालथा केला की डाय उतरवायचा आहे. या भाषेत आम्ही जेवणाचा डबा, कुणाच्या घरचं लग्न, साहेबांचा मूड, सगळं बोलतो. गेटबाहेर पडल्यावर मैदानावरही तेच करतो, हे मात्र आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आपण कसे चालतो हे तरी कुणाच्या लक्षात असतं?

ते सरांच्या लक्षात आलं. डिस्पॅचला माल कमी पडला होता म्हणून ते एके दिवशी स्वतः प्रेस शॉपमध्ये आले. आल्या आल्या माझ्या उजव्या हाताला उभे राहून त्यांनी मला हाका मारल्या. मी ढिम्म. आणखी जवळ येऊन ओरडले. मी आपला पत्रा सरकवतोय. नंतर त्यांनीच मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना इतका राग आला होता की माझी कायमची सुट्टी करायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. तेवढ्यात शेडच्या पार त्या टोकाला फोर्कलिफ्टवाल्याने नुसता हात वर करून त्यांच्याकडे बोट दाखवलं, आणि मी झटकन वळलो.

सर मालाचं विसरले आणि खांबाला टेकून बराच वेळ बघत राहिले. कोण कुणाला काय सांगतंय, कोण मान न वळवताच कसं ओळखतंय. मला वाटलं, हे आता इथेही माझ्या चुका काढणार.

संध्याकाळी मैदानावर ते माझ्या डाव्या बाजूने आले.

"उजवा कान?"

"कामाचा नाही राहिला, सर."

"आणि मला सांगितलं न्हाईस ते?"

"त्यात सांगायचं काय? आमच्यात निम्म्यांचं असंच आहे. घरी बायकोसुद्धा डावीकडूनच भांडते."

हे खरं होतं. सुरुवातीला उकडतं म्हणून आम्हीच बोळे काढून ठेवायचो, त्याचं हे फळ. त्याचं आम्हाला फारसं काही वाटत नव्हतं. सरांना वाटलं. त्यांनी एकेकाला विचारलं, कुणाचा डावा, कुणाचा उजवा, कुणाचे दोन्ही थोडेथोडे. मग ते मुरमावरच मांडी घालून बसले. "आणि मी तुम्हाला कानानं खेळा म्हणत होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की अर्ध्या लोकांना तो ऐकूच आला नाही. त्यांचं बोलणं मी इतरांना हाताने सांगितलं. मला त्या माणसाची फार दया आली. इतके दिवस मी त्यांच्या नावाने टपरीवर बोलत होतो, पण त्या दिवसापासून माझ्याच्याने बोलवेना.

दुसऱ्या दिवसापासून सर आमची भाषा शिकायला लागले. खेळ त्यांनी तोच ठेवला. बॉल जमिनीवर, पास छोटा. फक्त ओरडणं गेलं आणि हात आले. ज्याला बॉल हवा त्याने हात उचलायचा, आणि ज्याच्याकडे बॉल येणार आहे त्याने तो येण्याआधीच एकदा आजूबाजूचे हात बघून ठेवायचे. हे तर आम्ही रोजच करत होतो. प्रेसवर पत्रा येण्याआधी शेजाऱ्याचे हात कुठे आहेत ते बघतोच ना! सरांचे हात मात्र सुरुवातीला भलतंच बोलायचे. पुढे जा म्हणायचं असलं की ते क्रेन वर घे म्हणायचे, आणि आख्खी टीम हसत उभी राहायची. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "सर, तुमचं बोलणं कोल्हापुरी झालंय बघा हातातबी."

मला त्यांनी परत स्टॉपरला घेतलं आणि पेंट शॉपवाल्याला माझ्या पुढे मधल्या फळीत खेळवलं. पण पुढच्या सीझनचं काही बोलले नाहीत, आणि लांब किकही मला बंदच होती. मी निमूटपणे छोटे पास द्यायला शिकलो. माझे पास काही देखणे नव्हते. बॉल मिळाला की पाय शिवशिवायचा, पण मी आवरायचो.

अशा रीतीने आम्ही कंपन्यांच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचलो, जे पूर्वी कधी झालं नव्हतं. समोरची टीम गलका करणारी, आमची गप्प. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, तुमचं काय मौनव्रत आहे का? मी हसलो. पहिल्या हाफमध्ये सर माझ्या डाव्या लाइनीला उभे होते. हाफनंतर बाजू बदलल्या आणि आमचा बेंच माझ्या उजवीकडे गेला. माझी मान सवयीने डावीकडेच जाते, हे सरांना आता पाठ होतं. ते उठले, मैदानाला वळसा घालून पलीकडे गेले आणि समोरच्या टीमच्या पाठीराख्यांच्या गर्दीत जाऊन उभे राहिले. त्या लोकांनी त्यांना बरंच काही ऐकवलं असणार. ते तिथून हलले नाहीत.

सामना बरोबरीत होता आणि संपत आला होता. बॉल माझ्याकडे आला आणि समोरच्या टीमचे दोघं जण माझ्या अंगावर धावून आले. मी डावीकडे पाहिलं. त्या परक्या गर्दीत सर दोन्ही पंजे खांद्यापर्यंत उचलून उभे होते.

हात बाहेर आहेत, मार.

छोट्या पासावर जन्मभर जीव लावलेला माणूस मला माझी किक परत देत होता. माझ्यासाठी त्याने स्वतःचा खेळ बाजूला ठेवला होता. माझे डोळे भरून आले, आणि अशा वेळी डोळे भरणं फार अडचणीचं असतं. पाय मागे गेलाच होता, तेवढ्यात मला वेल्डरचा हात दिसला. तो अगदी जवळ होता आणि मोकळा होता. मी पाय आवरला आणि बॉल हळूच त्याच्याकडे ढकलला. त्याने तो पेंट शॉपवाल्याला दिला, त्याने पुढे सरकवला, आणि आयुष्यभर डोक्याने खेळलेल्या फोर्कलिफ्टवाल्याने तो पायाने आत घातला.

फायनल आम्ही हरलो, ते सोडा. त्या दिवशी मात्र शिट्टी झाल्यावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. ढोलवाले आमच्याच कंपनीचे होते, त्यांनी कान बधिर करून टाकले, म्हणजे जे शिल्लक होते ते. सर मैदानातून धावत आले आणि गडबडीत माझ्या उजव्या बाजूने माझ्या गळ्यात पडले. माझ्या कानाला तोंड लावून ते काहीतरी सांगत होते. बराच वेळ सांगत होते. मला त्यातला एक शब्द कळला नाही.

मग त्यांना आठवण झाली. ते बाजूला झाले, माझ्या समोर येऊन उभे राहिले, आणि त्यांनी डावा तळवा उघडून त्यावर उजवी मूठ घट्ट टेकवली.